दोरा जाळून पाहिला

गालिचा धुण्याआधी मी त्याला त्याचं नाव विचारतो.
लेबलावर भरवसा नाही. लेबलं बहुतेक
कापलेली असतात, नाहीतर भलत्याचीच शिवलेली.
उलट्या बाजूने एक दोरा उपसायचा,
चिमट्यात धरायचा, काडी ओढायची.
सातपूरच्या पत्र्याच्या शेडमध्ये वारा फार,
म्हणून परात आडवी लावून बसतो.

पॉलिप्रॉपिलीन. तोंडात न मावणारं नाव,
बाजारात सगळे पीपी म्हणतात.
वाटीभर पाण्यात टाकलं की तरंगतं,
जळताना विझल्या मेणबत्तीचा वास.
गंगापूर रोडच्या बंगल्यातून एक आला होता परवा,
इथल्याच द्राक्षांच्या वाइनचा अख्खा पेला पोटावर सांडलेला.
पुसला, गेला. आत काही मुरलंच नव्हतं.
पण त्या घरातल्या सोफ्याचे चार पाय
त्याच्या अंगावर कायमचे उभे आहेत,
सोफा हलवला तरी.

नायलॉन महाग. उगाच नाही.
अंबडच्या एका ऑफिसात अकरा वर्षं बूट झेललेला तुकडा,
वाफ दिली आणि लव उठून बसली
तापातून उठलेल्या पोरासारखी, भूक लागली म्हणत.
फक्त डिसेंबरात, थंडी कोरडी पडली
की त्यावरून चालत जाऊन कडीला हात लावा:
चटका.
आणि सांडलेला चहा तो विसरत नाही.

पॉलिएस्टर म्हणजे पाण्याच्या बाटल्यांचा पुनर्जन्म,
असं कंपनीची माणसं सांगतात. असेल.
मऊ, रंगाने देखणं, धूर काळा, वास गोडसर.
पाण्याचं त्याला काही नाही, तेलाचा मात्र लोभ:
एक भजं पडलं तर वर्षभर जपून ठेवतं.

अ‍ॅक्रिलिक लोकरीची नक्कल करतं.
दुरून जमते. जवळून गोळे धरतं
जुन्या स्वेटरसारखे, आणि जाळलं की घसा पकडतं.

हे सगळं मी कोठावदे बाईंना सांगत बसलो
कारण त्यांच्या गालिच्याचा दोरा जाळायला धजत नव्हतो.
नाशिकरोडहून सुनेच्या गाडीतून,
धुतल्या चादरीत गुंडाळून आणलेला.
“काश्मिरी रेशीम,” म्हणाल्या. “ह्यांनी आणलं होतं,
रिटायर झाले त्या वर्षी.”
हे म्हणजे नोटांच्या छापखान्यात, एकतीस वर्षं.
खोटी नोट डोळे मिटून
नुसत्या अंगठ्याने ओळखायचे.

चमक होती. तळहाताला गारही लागत होता.
पण एका कोपऱ्यात, कुंडीचं पाणी झिरपलेलं तिथे,
लव पिवळी पडून काटक्यांसारखी झाली होती,
आणि मला ते पिवळं ओळखीचं होतं.

“जाळा की,” बाई म्हणाल्या.

भुर्रकन पेटला. थेंब नाही, कडक मणी नाही,
बोटांत चुरली ती मऊ करडी राख.
व्हिस्कोस. लाकडाचा लगदा रसायनात विरघळवून
ओढलेला धागा, ना धड झाडाचा ना धड कारखान्याचा.
मी नाव घ्यायच्या आत त्यांनी वास घेतला.

“कागद.”

मग बराच वेळ शेजारच्या कारखान्याची प्रेस तेवढी ठोकत राहिली.
“त्यांना कळलं नसेल होय?”
मी परात उगाच सरळ केली.
“अंगठा होता की त्यांचा,” असं म्हणून हसल्या.
“मला म्हणाले, किंमत तेवढी विचारू नकोस.
मी बावीस वर्षं नाही विचारली.”

व्हिस्कोसला पाणी सोसत नाही,
ओलं झालं की दोऱ्याचा जीव निम्मा होतो.
पाइप बंद केला. नुसता फेस घेतला,
लवेच्या कलाने, हाताने, दोन तास.
पिवळा कोपरा राहिला तो राहिलाच.

पावतीवर ‘प्रकार’ म्हणून एक रकाना असतो.
माझं पेन तिथे घुटमळलं.
“लिहा हो जे आहे ते,” म्हणाल्या,
“फक्त मोठ्याने वाचू नका,
सून गाडीत बसलीय.”