तिसरा मजला, कारेलीबाग

गुरुवारी धाडलेला पेपर
शनिवारी स्वीकारला गेला.
मृण्मयी शिर्के रावपुऱ्यातून पेढे घेऊन आली.
तीन वर्षं विश्वामित्रीच्या काठाने
मगरींची बिळं मोजत हिंडलेली पोर,
तिचे चिखलाचे बूट अजून प्रयोगशाळेच्या दाराशी.
तीन वर्षांचं काम
दोन दिवसांत कोणी वाचलं असेल?
पेढा मी हातातच धरून ठेवला.

संपादक मंडळाचं पान उघडलं.
सतरा नावं. अकराव्या ओळीत
प्रा. मनोहर फळणीकर.
आमचे सर.
चार वर्षांपूर्वी खासवाडीच्या स्मशानात
ज्यांना आम्ही पोचवून आलो
ते अजून पेपर तपासतात म्हणे.
फोटो तिसऱ्याच कुणाचा, टाय लावलेला.
सरांनी जन्मात टाय बांधला नाही,
आणि एका स्वल्पविरामासाठी
माझा मसुदा सात वेळा परत केला होता.

पत्ता लंडनचा,
खाली बारीक अक्षरात कारेलीबाग.
स्कूटर काढली.
तळाला झेरॉक्स, मधल्या मजल्यावर ट्यूशन,
वर दार सताड उघडं.
मृण्मयी सांगते, मगर तासन्‌तास तोंड उघडं टाकून पडते
ती भुकेने नव्हे, उकाड्याने.
खोलीत एसी नव्हता.

दोन लॅपटॉप, एक मुलगा, बाविशीचा असेल.
कागदी वाटीत सेव-उसळ,
अंगठ्याला तर्री.
‘बेसो ने, साहेब.’
बसलो.
पेपर कोण तपासतं, विचारलं.
‘सिस्टिम आहे,’ म्हणाला.
आणि फळणीकर सर?
‘मोठं नाव आहे, साहेब. लिस्टमध्ये पहिल्यापासून आहे.’
फी साडेतीन हजार, विद्यार्थ्यांना सवलत.
माझं नाव विचारलं त्याने,
अंगठा पुसून टाइप केलं,
आणि जुनं गिऱ्हाईक भेटावं तसा खुलला.
‘तुमचा पण आहे ने आपल्याकडे!
दोन हजार तेरा, अंक दुसरा.
तेव्हा मोठा भाऊ चालवायचा.’

त्या वर्षी बढतीला
मला थोडे गुण कमी पडत होते.
एका रात्रीत पडायचे थांबले.
कुणी विचारलं नाही. मीही नाही.
फक्त सरांकडे तो अंक नेला होता, हौसेने.
सरांनी चाळला
आणि खिशातलं लाल पेन न काढताच
परत दिला.
मी ते कौतुक समजलो.

जिना उतरताना ट्यूशनमधली पोरं
पाढे म्हणत होती, सतरा सक्कं
एकशेदोन, एकजण चुकून एकशेबारा,
आणि बाई ओरडल्या, थांब, पुन्हा.

सोमवारी मृण्मयी विचारते,
मग चांगलं कुठलं, सर, ओळखायचं कसं?
तिच्या चौथ्या पानावरच्या तक्त्यात
दुसऱ्या हंगामाची बेरीज जुळत नाही,
वर एकेचाळीस बिळं, खाली त्रेचाळीस.
लंडनला दिसलं नव्हतं.
ते दाखवलं. तिचा चेहरा उतरला.
मग कपाटातून, मागच्या रांगेतून
दोन हजार तेरा, अंक दुसरा काढला,
धूळ झटकली, तिच्यापुढे ठेवला
आणि लाल पेन दिलं.
म्हटलं, आधी हा तपास.

तिने लेखकाचं नाव वाचलं.
माझ्याकडे पाहिलं.
टोपण काढायला
बराच वेळ घेतला तिने.