इतर

सकाळी साडेसात. उणे एकतीस.
कोळशाच्या धुरात उलानबातर गळ्यापर्यंत बुडालेलं,
आणि दोर्नोगोवीहून फोन, लुवसानदोर्ज नावाचे कुणी.
मध्येच आवाज तुटायचा, मध्येच वारा बोलायचा.
म्हणाले, "पोरी, माझे सगळे घोडे 'इतर' झाले."

मी चहाचा कप खाली ठेवला.

सातव्या आवृत्तीत मीच केलं होतं ते.
घोड्यांच्या तक्त्यात 'रंग' नावाचा रकाना होता,
मोकळा, ज्याला जे सुचेल ते लिहा असा.
आणि लोक लिहायचे! एकाच रंगाची तीन तीन वळणं,
कुणी शेपटीसह, कुणी ऋतूसह,
एकानं तर तिथे सासऱ्याचं नाव घातलेलं.
बेरीज जमेना. कचेरीला बेरीज हवी होती.
मी बारा रंगांची यादी केली, एकेकाला आकडा दिला.
जुनं जे बसलं ते बसवलं.
न बसणाऱ्याला तेरा.
मग जुना रकाना पुसून टाकला.
चाचण्या सगळ्या हिरव्या. त्या दिवशी लवकर घरी गेले.

लुवसानदोर्जांच्या फोनात दुसरी आवृत्ती होती,
दोन वर्षं रेंजबाहेर.
नातवाला वसतिगृहात सोडायला तालुक्याला आले,
तिथल्या वायफायनं झडप घातली.
दोनवरून तीन, तीनवरून चार, नऊपर्यंत,
एकही पायरी न गाळता, चार सेकंदांत.
याचाच मला अभिमान होता:
बॅटरी अर्ध्यात गेली तर सगळं होतं तिथे परत,
तळ्यात ना मळ्यात असं कुणी अडकायचं नाही.
आणि कुणी अडकलं नाही.
एक्केचाळीस घोडे, एक्केचाळीस ओळी.
काहीही बिघडलेलं नव्हतं.

लहानपणी आम्हीही वर्षातून चारदा बिऱ्हाड हलवायचो.
एकदा आईनं नमद्याचा एक कुजका पट्टा मागे टाकला.
वडील काही बोलले नाहीत,
खोगीर घातलं आणि बारा किलोमीटर मागे गेले.
तो पट्टा कशाला लागायचा, मी कधी विचारलं नाही.

"आमच्यात घोड्याला नाव नसतं, तुला माहीत आहे ना?"
माहीत होतं.
"रंग हेच नाव. आता काय, तेरा म्हणून हाक मारू?"
"सांगता का?" मी म्हटलं. "मी लिहून घेते."
"टेकडीवर उभा आहे. सांगतो."

तेल्या कुमाईत, उन्हात वेगळा.
लांडग्याच्या पाठीचा.
ओल्या वाळूचा. ओल्या वाळूचा, पण म्हातारा.
पंचकल्याणी, डावा मागचा पाय मात्र खोटा.
चहात दूध जास्त पडलं की होतो तो.
अबलख, दोघे, आई आणि मुलगा.
मधूनच म्हणायचे, "थांब, हात गारठला, फोन बदलतो,"
म्हणजे कान बदलायचे.

सत्ताविसाव्याला थांबले.
मला वाटलं रेंज गेली.
"धुरकट निळा. हा गेल्या जूदमध्ये गेला,
गवतावर बर्फाचं लोखंड झालं तेव्हा. पण लिही."
तक्त्यात 'जिवंत' नावाचाही एक रकाना आहे. हो किंवा नाही.
त्यांनी तिथे 'हो' ठेवलेलं होतं.
मी हात लावला नाही.

दहावी आवृत्ती त्याच रात्री लिहिली.
रंग: मजकूर. लांबीला मर्यादा नाही. रिकामा चालेल.
एक्केचाळीस ओळी परत गेल्या.

पण पुसलेलं पुसलेलंच.
अजून सहाशे बारा फोनांत तेरा आहेत,
आणि त्यांच्यापैकी कुणी टेकडी चढून मला शिव्या दिलेल्या नाहीत.
ते फोन जेव्हा कधी रेंजमध्ये येतील
तेव्हा अ‍ॅप काहीही आपणहून भरणार नाही.
एकेका तेरासमोर थांबेल
आणि विचारेल:
हा कोणता?