झिटरूजीचा काटा

सिंदेवाहीकडून आत, डांबर संपतं तिथून आणखी दोन कोस.
नवतप्याचा चौथा दिवस.
आमची एक्स-रेची गाडी, तिच्यातच आम्ही तिघं राहतो.
मागे मशीन, मध्ये दोन बाक, टपावर पाण्याची टाकी,
आणि पोटात, चाकांमधल्या लोखंडी खोक्यात
झिटरू मसराम यांचा डिझेल जनरेटर.

'यांचा' म्हणते, कारण कंपनीचं नाव कधीच पुसलं गेलंय
आणि दुसऱ्या कुणाला ते झाकण उघडू देत नाहीत.

सरपंचांनी जागा दाखवली: शाळेची भिंत, कडुलिंब, सावली.
झिटरूजींनी मूठभर फुफाटा उचलला, सोडला,
कुठे जातो ते पाहिलं.
"इथं नाई. हवा भिंतीवर आपटून वापस येते.
यानं सोडलेला श्वास यालेच घ्यावा लागते."
गाडी उन्हात नेली. जाळी वाऱ्याकडे, धुराडं वाऱ्याच्या पाठीला.
सरपंच रुसले. चहा आला नाही.

गरम झोत खालून फिरून जाळीत शिरू नये
म्हणून मध्ये पडदा, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या फ्लेक्सचा.
हात जोडलेला एक माणूस
दिवसभर त्या झोतात हसत राहतो.
आता त्याचा अर्धा गाल तपकिरी झालाय.

काट्याच्या काचेवर खडूच्या दोन रेघा.
ब्याऐंशी ते पंच्याण्णव, हे घर.
त्याच्या वर गेला की माझ्या दारावर दोन टकटक: मी एसी बंद करते.
एकशे दोनला तीन टकटक: मशीनही बंद.
पण इंजिन लगेच नाही. पाच मिनिटं बिनभाराचं चालू द्यायचं.
"धावत आलेल्या माणसाले एकदम खाली बसवत नाई."
आणि तापल्या रेडिएटरचं झाकण?
ते फक्त डाव्या हाताची बाही वर करतात.
कोपरापासून मनगटापर्यंत गुळगुळीत, बिनकेसांचं कातडं.

खिशात कांदा असतो, उन्हाचा. एक खोक्यावरही ठेवलेला.
मी हसले तर म्हणाले, "यालेबी लू लागते, मॅडम."

तेंदूपत्ता तोडून आलेल्या बाया रांगेत,
बोटं हिरवी-काळी, खोकला पदरात.
श्वास घ्या.
रोखा.
त्या एका सेकंदात खालचा आवाज जरा जरी दबला
तर छातीचा फोटो वाया, आणि बाईची मजुरीही.
नंतर कळलं,
माझं 'रोखा' ऐकून झिटरूजीही खाली श्वास रोखतात.
'सोडा' मी इतकं मोठ्याने म्हणत नाही.
त्यांना ते ऐकू येतं का, विचारायचं राहिलं.

मार्गशीर्षात पुन्हा तेच गाव. धानाच्या बांध्यांवर धुकं.
रात्री फक्त संगणक, एक दिवा, फोटो पाठवण्यापुरता.
मला वाटलं, आता काय, थंडीच आहे.
पण काटा साठावरच बसून. धुराड्यातून
काळं, चिकट, ओलं ठिबकत होतं.

"रिकामं चाललं का हे बी काजळते.
डिझेल पुरं जळत नाई, आतच बसते."
जाळीपुढे पुठ्ठा लावला. सत्तर.
मग मंडपवाल्याकडून पाचशेचे सहा हॅलोजन आणले,
बांबूला बांधले, शाळेच्या मैदानात,
जिथे आचल कुळमेथे आणि तिच्या पोरी
मोबाइलच्या उजेडात कबड्डी खेळायच्या.

अख्खं मैदान पांढरं झालं.
पोरी क्षणभर लाजल्या, आपल्याच सावल्यांकडे पाहत,
मग एकीने रेघ ओलांडली.
गाव गोळा झालं. सरपंच खुर्ची घेऊन आले,
ह्या वेळी चहाही.
आचलचा दम लांबत लांबत गेला,
तिच्या तोंडाची वाफ दिसत होती,
आणि झिटरूजी एकटेच मैदानाकडे पाठ करून
खोक्यापाशी उकिडवे बसले होते.

सकाळी मी त्यांचं रजिस्टर उघडलं.
तारीख. बाहेर: अकरा. काटा: चौऱ्याऐंशी.
धूर: साफ.
भार, या रकान्यात,
शिसपेन्सिलीने, जरा वाकडं:
कबड्डी.