कल्ले

रॉमेल पहाटे चारला खुर्ची फिरवायचा, म्हणायचा,
मॅडम, आता तुम्ही जा, हिला येऊ दे.
मग डिंक. कपाळावर रबराची कवटी,
मेणाने बुजवलेल्या भुवया,
आणि मानेला दोन्ही बाजूंनी तीन-तीन कल्ले.
शारजातून सुटलेलं विमान दाबोळीला टेकतं
तेवढा वेळ.

अंतराळ होतं अजमानला, टाइल्सच्या जुन्या गोदामात.
तारे म्हणजे प्लायवूडला पाडलेली भोकं.
परग्रह हवा असला की बस मलीहाच्या वाळूत जायची,
भर जूनमध्येसुद्धा.
परग्रहाला ऋतू नसतात, घस्सान म्हणायचा, छत्रीखालून.

पहिल्या पर्वात मला नाव नव्हतं.
यादीत: मत्स्य जमातीची नावाडी, क्रमांक दोन.
तिसऱ्यात थिरा झाले. पाचव्यात मेले.
सहाव्यात माझी जुळी बहीण, तीही मीच.
आठव्यात कळलं की मेलेच नव्हते,
पण करार मेल्याच्याच दराने.

संहितेत माझ्या संवादाच्या जागी एक कंस असायचा,
आत लिहिलेलं: परकी भाषा.
काहीतरी बोल, घस्सान म्हणाला, घशातून.
यान सुटायचं होतं, सगळे दिवे तांबडे,
सगळे माझ्याकडे बघत,
आणि तोंडातून निघालं:
तिनसान झाली, दिवो लाव.

कट. सुंदर. कुठली ही भाषा?
मी म्हटलं, त्यांचीच.

मग काय, उभादांड्याची आमची अख्खी आळी यानात चढली.
सेनापतीला मी मेल्या म्हटलं, दर भागात, अदबीने.
शत्रूच्या छातीवर शस्त्र रोखून विचारलं, जेवलंस काय रे?
म्हातारा राजा वारला तेव्हा
डोळे मिटून, संथ, एका सुरात
बांगड्याच्या तिखल्याची कृती म्हटली.
तिरफळापाशी आवाज खरंच फुटला.
त्या वर्षी बक्षीस मिळालं. दुबईत. मुखवट्याशिवाय गेले
तर दारावरच्याने पास मागितला.

रजेवर आईला फोनवर दाखवलं.
ह्येच्यात तू खंय आसस?
मी कल्ल्यांवर बोट ठेवलं.
तिने चष्मा वर केला, बाजारात करते तसं निरखलं.
तांबडे आसत. ताजी आसस मगे.
तेवढ्यात फोनमधून माझा आवाज आला, यान सुटतानाचा,
आणि ती गुडघे धरत उठली, काडेपेटी शोधायला.
दुपारचे दोन वाजले होते.
मी काही बोलले नाही. तिने दिवा लावला.

शारजाच्या प्रदर्शनात चाळीस दिरहमला एक फोटो.
सोहारहून आलेली रय्या, दहा-अकराची,
पुठ्ठ्याचे कल्ले, एक सुटलेला,
मला विचारते, थिरा कधी येणार?
मागे तिचा बाप, पांढऱ्याशुभ्र डिशडाशात अवघडलेला.
मी घशातून दोन शब्द काढले.
पोरगी पांढरी पडली. मग वही उघडली.
पानापानावर अरबी अक्षरांत माझ्या आईचं बोलणं.
मेल्या: आदरार्थी, वडीलधाऱ्यांसाठी.
तिरफळ: आत्मा.
छातीवर हात ठेवून ती मला म्हणाली, मेल्या.
बाईला मेल्ये म्हणतात, हे मी सांगितलं नाही.
सुटलेला कल्ला चिकटवून दिला, पैसे घेतले नाहीत.
आयोजकाने ते नंतर माझ्या हिशोबातून कापले.

रॉमेल गेला बातांगासला, मासे विकतो म्हणे.
नव्या मालिकेत कल्ले संगणकावर काढतात,
थिराची नात आहे, बैरुतची एक मुलगी, उंच, मेहनती.
तिला भाषा शिकवायला मला बोलावलंय,
तासाच्या बोलीवर. आज अंत्यविधी होता.
आत्म्याशी ती सारखी अडखळते, फ दातांतून सुटतो तिचा.
ओठ मीट, मी म्हणते, मीट आणि मग फोड,
दाताखाली तिरफळ फोडतात तसा.
परत म्हण.
तसा नाय गो मेल्ये, परत.