बॅटरी नीट धर

उम्म अल क्वैनला, खाडीच्या मागच्या अंगाला,
तिवरं संपून भंगाराची यार्डं सुरू होतात तिथे,
चार विटांवर उभी आहे
माझी कॅरव्हॅन.
सोळा फुटी. कधीकाळी पांढरी.
देशी परतणाऱ्या एका डच इंजिनियरकडून घेतली.
"छप्पर जरासं गळतं," तो प्रामाणिकपणे म्हणाला.
वर्षातून चारदा पाऊस पडतो इथे,
छपराचं कोण विचारतं?

श्रीपाद म्हणाला, एवढ्या पैशात कऱ्हाडजवळ गुंठाभर तरी...
मी म्हटलं, गुंठ्याला चाकं नसतात.
मग तो दोन दिवस बोलला नाही.

कोपऱ्यात स्क्रू-ड्रायव्हर टेकवला
तर मुठीपर्यंत आत गेला,
दुधात बुडवलेल्या पावात जावा तसा.
पाऊस नव्हताच तो.
एसीचं पाणी,
सात उन्हाळे, थेंब थेंब, फळीच्या पोटात.
छप्पर बिचारं फुकट बदनाम.

काम पहाटे पाच ते नऊ.
पुढे पत्रा अंगाला हात लावू देत नाही.
सडलेलं प्लाय मी उचकटलं,
नवं कापून दिलं गुलजमानने, स्वातच्या.
पेन्सिल कानामागे. "बाजी, दो सूत कम."
मी चमकले.
सूत!
हा शब्द मी शेवटचा ऐकला होता
दापोडीत, अण्णांच्या तोंडून,
एसटीच्या वर्कशॉपातून घरी आलेल्या,
अंगाला ॲल्युमिनियमचा वास असलेल्या अण्णांच्या.

हजारो लाल डब्यांची अंगं त्यांनी रिव्हेटांनी शिवली.
घरी फ्यूज उडाला की पक्कड दादाकडे,
माझ्याकडे बॅटरी.
"बॅटरी नीट धर."
उजेड घसरायचाच माझा,
कारण मी तारेकडे नाही,
त्यांच्या बोटांकडे बघत असायचे.
"कुठं लक्ष आहे तुझं?"
ते मी कधी सांगितलं नाही.

रिव्हेटगन मी शारजाहून आणली, जुनी, ऐंशी दिरहमला.
पहिले अकरा वाकडे.
बारावा बसला. टक्.
त्या आवाजापाशी मी जरा थांबले,
मग तेरावा.

ओटा डच बाईच्या कोपराच्या मापाचा होता,
चार इंच उतरवला.
मसाल्याच्या डब्याला कमरपट्टा.
खिडकीला जाळी, छतावर एक सोलर पॅनल,
बारा व्होल्टचा पंखा, जो चालतो कमी आणि बोलतो फार.
कुंजुमोनच्या हार्डवेअरमध्ये आता
मला बघून स्टूल पुढे येतं,
आणि सिलंटच्या नळ्यांचे भाव आपोआप उतरतात.
लॅबमध्ये दिवसभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या,
सुट्टीला या.

काल संध्याकाळी बेसिनखाली आडवी होते,
गाल जमिनीला, पंपाची तार दातात.
श्रीपाद मोबाइलचा उजेड धरून उकिडवा.
गुंठ्याचा विषय त्याने महिनाभर काढलेला नाही.
उजेड हलला. तारेवरून सरकला,
माझ्या मनगटावर येऊन थांबला.

"बॅटरी नीट धर!"

आवाज माझाच होता, असं मी म्हणेन,
पण पत्र्यात घुमून तो दापोडीहून आल्यासारखा आला.
श्रीपाद काही बोलला नाही.
उजेड परत तारेवर गेला.
थोड्या वेळाने पुन्हा घसरला.
या खेपेला मी ओरडले नाही.

पंप खोकला.
नळातून आधी गंजाचं पाणी, चहाच्या रंगाचं,
मग हवा, मग एक लांब उचकी,
मग पाणी.
आम्ही दोघांनी त्यात हात धुतले,
साबण नव्हता तरी.

कुठे गेलो नाही अजून.
टायर यायचेत, हुकचा कागद व्हायचाय,
लेव्हलमधला बुडबुडा एक सूत डावीकडेच बसतो,
गुलजमान म्हणतो, ज़मीन टेढ़ी है, बाजी, गाडी नहीं.

"पहिल्यांदा कुठं जायचं?" श्रीपादने विचारलं,
विटेवर बसून, बोटं झटकत,
जणू ही कल्पना मूळ त्याचीच.

मी म्हटलं, आधी दार.
दार अजून घासतंय.