गिरणीच्या माडीवर

दर गुरुवारी तीन वाजता, केजच्या बसस्टँडमागे,
पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत आम्ही बसतो.
गिरणी चालू असली की फरशी थरथरते,
चहात बारीक वर्तुळं उठतात,
आणि कुणी रडलं तरी खाली ऐकू जात नाही.
म्हणूनच ही खोली घेतली. भाडंही कमी आहे.

आज तय्यबा आली, उदगीरहून, दोन बस बदलून.
परदेशात अकरा महिने घरकाम,
मग मालकाच्या घरातून पळाली,
पासपोर्ट तिथेच, कपाटात.
पुढचे पाच महिने त्या जागी,
जिला ती जेल म्हणत नाही, कॅम्पही म्हणत नाही,
नुसतं 'वहां' म्हणते.
वहां एकदा सांगितलं, पोटात दुखतंय.
सुई. मग दोन दिवस कोरे.
जाग आली तेव्हा नाभीखाली टाके
आणि पुढच्या आठवड्यात विमान.

कागद बिस्किटाच्या पुड्याच्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला.
दीड वर्ष कुणाला दाखवला नाही.
वरची अक्षरं तिला वाचता येतात, लहानपणी मौलवीकडे शिकलेली,
रात्री ती पुटपुटत बसायची,
अर्थ कळत नसताना.
खालची इंग्रजी मला येते, अर्थासकट.
"सिस्टर, पढके सुनाव. हलू."

मी चष्मा पुसला. परत पुसला.
गर्भाशय काढलं आहे. डावा बीजकोशही.
कारण, या रकान्यात आडवी रेघ.
संमती, आहे.
त्याखाली निळा अंगठा.
तिनं आपला अंगठा शेजारी धरला,
विळीवर कापल्याची जुनी तिरपी खूण
दोन्हीकडे होती.

कौतिकाबाई तिच्याकडे सरकली, गुडघ्यावर हात ठेवला.
"मला तरी डॉक्टर म्हनला व्हता, कॅन्सर व्हईल.
खोटं का व्हईना, पन सांगितलं.
तुला तेवढं बी नाही गं."
आणि थोड्या वेळानं, स्वतःशीच,
"आमाला कुटं कुलूप व्हतं?
कारखान्याची टोळी निघायची तारीख, तेच कुलूप."

मग लाइट गेली. गिरणी थांबली.
खालच्या हमालाचं खोकणंसुद्धा वर आलं.
मला तेव्हाच बोलायचं नव्हतं. पण बोलले.
की सव्वीस वर्षांपूर्वी, याच रस्त्यावर, सात खाटांच्या दवाखान्यात
शाई मी लावायचे.
अंगठा धरायची रीत असते.
मुळाशी पकडायचा, टेकवायचा,
नखाच्या एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत फिरवायचा.
बाई भुलीत असली की हात जड लागतो,
पण ठसा स्वच्छ येतो.

सत्यभामा माझ्याकडे बघत होती.
"सुवार्ता सिस्टर, माझा बी तुमीच?"
कधी झालं, मी विचारलं.
"पाडवा झाल्यावर. ऊस संपून आलो तवा."
मग बहुतेक मीच.
ती उठली, सतरंजीच्या पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.
कुणी तिला परत बोलावलं नाही.
मीही माफी मागितली नाही, तोंडात शब्दच राहिला नव्हता.

तय्यबाच म्हणाली, "चिठ्ठी लिखनी है ना?"
तर मी लिहायला घेतलं. दूतावासाला.
केसपेपरची पूर्ण प्रत द्या,
डॉक्टरचं नाव द्या, भुलीचं औषध कोणतं ते द्या.
"उसमें लिखो, मैं सोयेली थी."
लिहिलं.
सवयीनं माझा हात पिशवीतल्या शाईच्या डबीकडे गेला.
तिनं पेन मागून घेतलं.
नाव लिहायला तिला बराच वेळ लागला, उजवीकडून डावीकडे,
आम्ही सगळ्या बघत होतो.

सत्यभामा दारात चपला घालता घालता बोलली,
माझ्याकडे न बघता:
"पुढल्या गुरवारी त्या दवाखान्यातल्या बायांची यादी आना. समद्यांची."
मला नावं आठवत नाहीत.
खाटांचे नंबर आठवतात, कुणाचं गाव,
एकीच्या हातावरचं गोंदण.
तेवढं आणीन म्हटलं.
लाइट आली. गिरणी सुरू झाली.
चिठ्ठी फरशीवर थरथरायला लागली, सही अजून ओली,
तय्यबानं तिच्या दोन कडांवर
दोन्ही तळवे दाबून ठेवले.