किटाडीचा वार

माझा आठवडा गावांच्या नावांनी चालतो.
सोमवार मोहरणा, मंगळवार चिचाळ,
बुधवारी पेट्या पुसायच्या,
गुरुवार खैरी, शुक्रवार किटाडी,
पुढचे दोन दिवस लग्नघरी.
हे ऐकून डॉक्टरीणबाई चिठ्ठी लिहायच्या थांबल्या.
"मग किटाडीला गोळी.
फक्त किटाडीला. दुसऱ्या कुठल्याच गावात नाही."

बांगड्या भरायच्या म्हणजे परक्या बाईचा हात हातात घ्यायचा,
अंगठ्याखालचं हाड दाबून मऊ करायचं,
तिला बोलण्यात गुंतवून
काच पुढे सरकवायची.
माझ्या कोपरांवर, मग मनगटांवर, मग तळव्यांवर
माशाच्या खवल्यांसारखे पापुद्रे आले
आणि बायकांचे हात पदराआड गेले.
वाईट कुणी बोललं नाही.
"राहू दे व, मीच घालून घेतो," म्हणायच्या,
दोन-तीन फोडायच्या
आणि पैसे पूर्ण डझनाचे द्यायच्या.
तेच जास्त लागायचं.

करंजाचं तेल झालं, मलमं झाली,
खैरीच्या बाबाची राख झाली.
मग भंडाऱ्याचा सरकारी दवाखाना,
रक्त, छातीचा फोटो, पुन्हा रक्त,
आणि ही पिवळी गोळी, मसुरीच्या डाळीएवढी.
चिचाळला दुसरी, फोलिकची,
पहिलीचा जाच कमी करायला.

तिसऱ्या महिन्यात तळवे माणसासारखे दिसू लागले.
मोहरण्याला एका नवरीच्या आईनं
न विचारता हात पुढे केला.
त्या रात्री मी डबी उघडून बसले.
एका किटाडीनं एवढं होतं,
तर मोहरण्यालाही घेतली तर?
खैरीलाही? लग्नसराई तोंडावर होती.

तेव्हा तुळाराम नान्हे आठवला.
रक्ताच्या रांगेत बसले असताना
त्याला स्ट्रेचरवरून नेत होते.
ओठ सोललेले, तोंडभर फोड,
पाण्याचा घोट गिळवेना,
अंगावर निळे डाग.
नऊ दिवस, रोज एक.
हिवराळे सिस्टरच्या हातात त्याचं पाकीट होतं.
त्यावर दुकानातल्या पोरानं लिहिलेलं: रोज १.
अक्षर फार सुबक होतं.

मी डबी मिटली.

दीर परसराम एकदा म्हणाला,
"तुले तेच, मले तेच. दोन मलेही दे न वहिनी."
त्याच्या तोंडाला मोहाचा वास होता.
"तुझं लिव्हर आधी तपासून ये," म्हटलं.
तो महिनाभर रुसला.
रुसू दे.

एक गोष्ट मात्र कुणाशी बोलत नाही.
सातव्या महिन्याच्या पोरींना मी हिरवा चुडा भरते,
सुजलेल्या हातांवरून, हळूहळू, साबण लावून.
माझं वय चौतीस.
बाई म्हणाल्या, "लेकरू हवं असेल तर
आधी मला सांगायचं. दिवस राहिल्यावर नाही, आधी.
गोळी थांबवू, मग सांगेन तितके महिने वाट पाहायची."
नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, बरं.
मग बराच वेळ बैलाच्या गळ्यातली घंटा पुसत बसला.

मागच्या शुक्रवारी मतदान होतं,
किटाडीचा बाजार भरलाच नाही.
शनिवारी लग्नघरी, मांडवात,
एकदम कळेना, काल घेतली की नाही.
तोंडाला चव आठवेना.
हिवराळे सिस्टरला फोन केला.
"आठवत नाही न? मग घेऊ नको.
घेतलेली पुन्हा घेणं वाईट, एक चुकली तर चालते.
सोमवारी रक्ताला ये, ताप नाही न? तोंड आलं नाही न?"
नाही, म्हटलं.

आता गोळी गिळली की
डाव्या हातातली एक तांबडी काढून
उजव्या हातात सरकवते.
तिसऱ्या दिवशी ती परत डावीकडे.
काल चिचाळला एकीनं विचारलं,
"का व, कासारणीच्याच बांगड्या विषम?"
तिचा हात माझ्या हातात होता, गरम, घामेजलेला.
"मोजून बघू नको," म्हटलं,
"मनगट ढिलं सोड."